यायला हरकत नाही, पण सांगून या

मंडळी, एक साधा प्रश्न. तुमच्या घरातला इंटरनेटचा मोडेम नक्की कोणाचा आहे?

हसू नका. "आमचाच की! आमच्या घरात आहे, आमची वीज खातो, त्याच्यावरची धूळ आम्ही पुसतो" हे उत्तर मला ठाऊक आहे. काहींनी तो रोख पैसे मोजून घेतलाय, काहींच्या घरी कंपनीने अनामत रक्कम घेऊन ठेवलाय, काहींना 'फुकट' मिळालाय. पण त्याच्या आत जे फर्मवेअर असतं, म्हणजे त्या डबीला मोडेम बनवणारी जी आज्ञावली असते, ती कधी बदलायची आणि काय बदलायचं हे यातलं कोणीच ठरवत नाही. ते कंपनी ठरवते. दूर कुठेतरी बसून, बहुतेक वेळा रात्री, आपण झोपेत असताना. सकाळी उठून पाहावं तर डबी तीच, दिवे तेच, आतला कारभारी मात्र बदललेला.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. कंपनीने हे काम दुरून करावं का? करावं. जरूर करावं. माझी तक्रार एवढीच आहे की करताना सांगत नाहीत.

हे असं पूर्वीपासून नव्हतं. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हाचा मोडेम आठवतोय ना? तो किर्र-खर्र करत फोन लावणारा? तो आपण लॅमिंग्टन रोडवरून नाहीतर ओळखीच्या कॉम्प्युटरवाल्याकडून आणायचो, आणि एकदा आणला की तो आपला. कंपनीला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. तो बिघडला तर आपण बघायचं, चालला तर आपलं नशीब. पुढे २००५ च्या जानेवारीत बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं. मोडेम चोवीस तास चालू राहायला लागला. फोन ठेवला की संपलं, असं आता नव्हतं. घरातून बाहेरच्या जगात उघडणारं ते दार कायमचं किलकिलं राहिलं.

त्याच सुमारास, म्हणजे २००४ च्या मे महिन्यात, डीएसएल फोरम नावाच्या संघटनेने (आता तिचं नाव ब्रॉडबँड फोरम) एक नियमावली काढली होती. तिचं नाव टीआर-०६९. नाव एखाद्या सरकारी फॉर्मसारखं आहे, पण आज जगभरातल्या कोट्यवधी मोडेमांचा कारभार तिच्यावर चालतो. कल्पना अगदी सोपी आहे. मोडेमला कंपनीच्या एका सर्व्हरचा पत्ता देऊन ठेवलेला असतो. चालू झाल्यावर, आणि नंतर ठरावीक वेळाने, मोडेम आपणहून त्या सर्व्हरला हाक मारतो: "मी अमुक नंबरचा मोडेम, माझ्यात अमुक आवृत्तीचं फर्मवेअर आहे, काही हुकूम?" सर्व्हर म्हणतो, "अमुक ठिकाणाहून ही फाईल उतरवून घे, बसव आणि पुन्हा चालू हो." झालं अपडेट! सर्व्हरला मध्येच काही काम निघालं, तर तो मोडेमचं दार ठोठावून "मला फोन कर" असंही सांगू शकतो. ते ठोठावायचं दार म्हणजे ७५४७ क्रमांकाचं पोर्ट. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

याच रस्त्याने सर्व्हर मोडेमचं कुठलंही सेटिंग वाचू शकतो, बदलू शकतो, मोडेम बंद-चालू करू शकतो, कारखान्यातून आला तसा कोरा करू शकतो. घरात कोणकोणती यंत्रं त्याला जोडलेली आहेत त्याची यादीसुद्धा मागवता येते. म्हणजे बघा, घरी टीव्ही किती आहेत हे शेजाऱ्याला माहीत नसेल, पण कंपनीला कळू शकतं.

एवढं वाचून कोणी म्हणेल, "मग बंदच करा की हा प्रकार! आमच्या घरात यांनी शिरायचंच कशाला?" इथे मात्र मी कंपनीच्या बाजूने उभा राहणार.

कारण सांगतो. २०१४ च्या डिसेंबरमध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने मोडेममधला एक दोष जाहीर केला. त्याला त्यांनी 'मिसफॉर्च्युन कुकी' असं नाव दिलं होतं. रॉमपेजर नावाचा एक छोटासा प्रोग्रॅम कितीतरी कंपन्यांच्या मोडेममध्ये वापरला जायचा, त्यात ही खोट होती. १८९ देशांत मिळून किमान १ कोटी २० लाख यंत्रं धोक्यात आहेत असा त्यांचा अंदाज होता. आता यातली खरी गंमत ऐका. हा प्रोग्रॅम बनवणाऱ्यांनी ती खोट २००५ मध्येच दुरुस्त केलेली होती! औषध नऊ वर्षं दुकानात तयार होतं, पण रोग्यापर्यंत पोचलंच नाही. प्रोग्रॅमवाल्याने मोडेमवाल्याला दिलं, मोडेमवाल्याने नव्या मोडेमात घातलं-न घातलं, आणि आपल्या घरात कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या मोडेमला ते द्यायचं कोणी? आपण? आपल्यापैकी किती जणांनी आजवर मोडेमचं फर्मवेअर स्वतः बदललंय? माझ्या माहितीत मी धरून तिघं, आणि तिघांचीही बायको त्या दिवशी वैतागली होती. :-)

शिवाय मोडेमचं दुखणं त्या घरापुरतं राहत नाही. २१ ऑक्टोबर २०१६ ला अमेरिकेत डिन नावाच्या कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटरसकट अनेक मोठमोठी संकेतस्थळं काही तास बंद पडली. हल्ला करणारी फौज कसली होती? लोकांच्या घरातले कॅमेरे आणि राऊटर. 'मिराई' नावाच्या किड्याने ते ताब्यात घेतले होते आणि मालकांना पत्ताही नव्हता. त्यामुळे "माझा मोडेम, मी अपडेट करीन नाहीतर करणार नाही" हे म्हणणं मला पटत नाही. गावात साथ आली असताना "माझं अंगण, मी डबकं ठेवीन" म्हणण्यासारखं आहे ते.

तर अपडेट हवं, आणि सामान्य घरात ते कंपनीच करू शकते. इथपर्यंत आपलं एकमत होईल असं धरतो.

आता माझ्या मिरजेच्या काकांकडे वळतो. काका रेल्वेतून निवृत्त झालेले, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांची एक वही आहे. त्यात गॅसचा ग्राहक क्रमांक, विजेच्या बिलाचा क्रमांक, बँकेतल्या साहेबांचा फोन आणि घरच्या वायफायचं नाव व पासवर्ड, सगळं सुवाच्य अक्षरात. दिवाळीच्या आधीच्या साफसफाईत त्यांनी मोडेमवरून फडकं मारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी घरातलं एकही यंत्र चालेना. टीव्ही म्हणतो जोडणी नाही, फोन म्हणतो जोडणी नाही, दारावरचा कॅमेरा मुका. टोरांटोच्या नातीचा रोज संध्याकाळी येणारा व्हिडिओ कॉल येईना. मोडेमचे दिवे मात्र हिरवेगार.

झालं होतं एवढंच की रात्री फर्मवेअर बदललं गेलं आणि त्यात वायफायचं नाव व पासवर्ड पुसले जाऊन कारखान्यातलं नाव आणि स्टिकरवरचा पासवर्ड परत आला. पण हे काकांना कोण सांगणार? त्यांनी ग्राहक सेवेला फोन लावला. पलीकडच्या मुलीने अत्यंत नम्रपणे विचारलं, "सर, आपण काही सेटिंग बदललं होतं का?" आणि काका गप्प झाले. कारण त्यांनी फडकं मारलं होतं ना! चार दिवस घरात काकू त्यांना म्हणत होत्या, "तुम्हाला कोणी सांगितलं होतं तिथे हात लावायला?" आणि काका फोनवर मला म्हणत होते, "अरे, मी नुसती धूळ पुसली रे." शेवटी कोपऱ्यावरच्या केबलवाल्या मुलाने येऊन तीनशे रुपये घेतले आणि दहा मिनिटांत सगळं जोडून दिलं. दिवाळीत मी गेलो तेव्हा मोडेमचं पान उघडून पाहिलं. बसवला त्या दिवशी फर्मवेअरच्या आवृत्तीचा आकडा मी काकांच्याच वहीत लिहून ठेवला होता. आता आकडा वेगळा होता.

मला राग आला तो चार दिवस नेट बंद राहिल्याचा नाही. तीनशे रुपयांचाही नाही. यंत्रात बदल कंपनीने केला आणि दोष एका म्हाताऱ्या माणसाने स्वतःकडे घेतला, याचा आला. काकांनी तेव्हापासून मोडेमला हात लावलेला नाही. त्याच्यावर धुळीचा थर साचलाय, पण पुसायची हिंमत नाही. आपल्या घरातल्या वस्तूला हात लावायची भीती वाटावी, ही काय वेळ आली? असे काका, मावश्या, आजोबा आज प्रत्येक गावात आहेत. यंत्र चाललं नाही की त्यांना पहिली शंका स्वतःचीच येते. कंपनीच्या त्या मुलीलाही बहुधा माहीत नसावं की आदल्या रात्री तिच्याच कंपनीने काय केलंय. माहीत असतं तर तिने दुसराच प्रश्न विचारला असता.

आता इतर सेवांकडे बघा. पुण्यात देखभालीसाठी गुरुवारी पाणी बंद असणार असेल तर आदल्या दिवशीच्या पेपरात येतं, कुठल्या पेठेत, कुठल्या उपनगरात, सगळी यादी. वीजवाले दुरुस्तीसाठी वीज घालवणार असतील तर मोबाईलवर निरोप येतो. आमच्या सोसायटीत टाकी धुवायची असली तरी फळ्यावर खडूने लिहितात, "उद्या स. १० ते १२ पाणी येणार नाही. सहकार्य करावे." अक्षर वाईट असेल, शुद्धलेखन त्याहून वाईट, पण लिहितात! आणि इंटरनेटची कंपनी? बिल थकायच्या पाच दिवस आधीपासून रोज दोन निरोप पाठवणाऱ्या या लोकांना "आज रात्री तुमच्या मोडेमचं अपडेट आहे, वायफायचा पासवर्ड बदलू शकतो" ही एक ओळ पाठवता येत नाही?

"रात्री कोणाला त्रास होत नाही, म्हणून सांगत नाही" असं एक उत्तर मला मिळालं होतं. रात्र कोणाची? आपल्याकडे रात्रीचे अडीच वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये आदल्या दिवशीची संध्याकाळ असते, आणि पुण्यात, नाशकात, नागपुरात कितीतरी मुलंमुली त्यांच्या घड्याळावर घरून काम करत असतात. माझी भाची त्यातलीच. तिचा कॉल ऐन मध्यात तुटला तर तिकडचा साहेब "फर्मवेअर अपडेट असेल" असं म्हणत नाही, "इंडियातलं नेट" असं म्हणतो. शिवाय फर्मवेअर लिहिलं जात असताना वीज गेली तर मोडेम कायमचा गारद होऊ शकतो. काही चांगल्या मोडेमांमध्ये जुनी प्रत बाजूला राखून ठेवलेली असते, सगळ्यांत नसते. आमच्या गावाकडे लोडशेडिंगचं वेळापत्रक ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. आधी कळलं तर माणूस निदान इन्व्हर्टरवर तरी लावून ठेवील.

न सांगण्याचा आणखी एक तोटा आहे, आणि तो मला सगळ्यात मोठा वाटतो. कंपनीला जे दार आहे ते चोरालाही दिसतं. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीत डॉइश टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचं इंटरनेट बंद पडलं. मिराईचाच एक भाऊबंद जगभर ७५४७ चं दार ठोठावत फिरत होता. जर्मनीतल्या त्या मोडेमांमध्ये तो घुसू शकला नाही, पण त्या ठोठावण्यानेच ते गारठून बंद पडले. आणि उपाय? तोही त्याच व्यवस्थेतून आला. कंपनीने ग्राहकांना सांगितलं, मोडेम बंद करा, अर्धा मिनिट थांबा, चालू करा, तो नवं फर्मवेअर आपोआप घेईल. म्हणजे रोगही त्याच वाटेने आणि औषधही. लोकांना नीट सांगितलं, म्हणून लोकांनी केलं.

आपल्याकडे २०१७ च्या जुलैमध्ये बीएसएनएलच्या हजारो मोडेमांवर हल्ला झाला. पासवर्ड कारखान्यातून आला तसाच ठेवलेले मोडेम त्यात सापडले आणि कंपनीला ग्राहकांना जाहीर आवाहन करावं लागलं, पासवर्ड बदला म्हणून. आणि अमेरिकेत २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये तर एकाच कंपनीच्या ग्राहकांचे ६ लाखांहून अधिक मोडेम ७२ तासांत मेले. कोणीतरी त्यांचं फर्मवेअरच उद्ध्वस्त केलं होतं. ते दुरून दुरुस्त होण्यासारखे राहिले नव्हते, यंत्रंच बदलून द्यावी लागली. ही हकिकत जगाला सविस्तर कळली ती २०२४ च्या मे महिन्यात, ल्युमेन या कंपनीच्या संशोधकांनी अहवाल काढला तेव्हा.

आता विचार करा. अपडेट कधी होतं, कसं होतं, झाल्यावर काय दिसतं हे ग्राहकाला कधीच कळू द्यायचं नाही, अशी सवय आपण लावली, तर एखाद्या सकाळी मोडेमचं वागणं बदललेलं दिसल्यावर ते कंपनीने केलं की चोराने, हे तो ओळखणार कसं? येणारा माणूस ओळखपत्र दाखवून, वेळ सांगून येत असेल तरच न सांगता आलेल्याचा संशय येतो. सगळेच गुपचूप येत असतील तर कोणाला हटकायचं?

आमच्यातले काही तंत्रज्ञ मित्र म्हणतात, "सोपं आहे, कंपनीचा मोडेम नुसता तार जोडायला ठेव आणि मागे स्वतःचा राऊटर लाव." मी तेच केलंय. पण हा उपाय माझ्यासाठी आहे, काकांसाठी नाही. जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या पसंतीचा मोडेम लावायची मोकळीक मिळाली. तशी आपल्याकडेही मिळायला हवी. तरी दहातले नऊ जण कंपनी देईल तोच लावणार, हे उघड आहे. म्हणून त्या नऊ जणांसाठी नियम हवेत.

माझी मागणी फार मोठी नाही. अपडेटच्या किमान दोन दिवस आधी एक निरोप, ग्राहकाच्या भाषेत. गैरसोयीची वेळ असेल तर आठवडाभर पुढे ढकलायची सोय. कायमचं नाकारायची नको, ते मीच वर म्हटलंय. घरातली सेटिंग्ज जशीच्या तशी राहिली पाहिजेत, आणि राहणार नसतील तर तसं आधी सांगा. झाल्यावर कधी झालं, कशासाठी झालं याची एक ओळ ग्राहकाला आणि ग्राहक सेवेतल्या त्या मुलीलाही दिसली पाहिजे. आणि शेवटचं, या मोडेमला अपडेट किती वर्षं मिळणार तेही सांगा. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून हे कायद्याने सांगावं लागतं, आणि सहज ओळखता येणारे कारखानी पासवर्डही तिथे बंद झालेत. युरोपियन युनियनचा असाच मोठा कायदा ११ डिसेंबर २०२७ पासून पुरता लागू व्हायचा आहे. यातलं काहीही आपल्या कंपन्यांना झेपणार नाही असं नाही. निरोप पाठवायची यंत्रणा तर त्यांच्याकडे आहेच, बिलाच्या तारखेला ती किती तत्पर असते ते आपण पाहतोच.

तोपर्यंत घरच्या मंडळींनी माझं एक ऐका. मोडेम उलटा करा, खाली स्टिकर असेल. त्याचा फोटो काढून ठेवा. काकांसारखी वही असेल तर त्यात वायफायचं नाव, पासवर्ड आणि फर्मवेअरच्या आवृत्तीचा आकडा तारीख घालून लिहा. आकडा कुठे सापडतो ते मला फोन करून विचारा, लाजू नका. एखाद्या सकाळी सगळं बंद दिसलं तर आधी तो स्टिकरवरचा पासवर्ड वापरून बघा. आणि ग्राहक सेवेने "आपण काही बदललं होतं का?" असं विचारलं, तर घाबरून गप्प न बसता त्यांनाच विचारा, "तुम्ही काही बदललं होतं का?"

आणि परदेशातल्या दोस्तांनो, तुमच्याकडच्या कंपन्या अपडेटच्या आधी सांगतात का, ते जरूर कळवा. सांगत असतील तर तो निरोप तसाच्या तसा पाठवा. आमच्या कंपनीला नमुना म्हणून दाखवीन.